चाकाला तेल

डिसेंबरात तिच्या अंगठ्यावर बाभळीचा ओंडका पडला,
नख काळं पडलं,
आणि मी म्हटलं, आता गाडी घेऊ.
ती म्हणाली, त्यापेक्षा वखारवाल्याला सांगा, बारीक फोडून दे म्हणावं.
तीस वर्षं सांगतोय. वखारवाला ऐकत नाही,
गाडी तरी ऐकेल.
मुलगा फोनवर म्हणाला, गीझर लावा.
ती म्हणाली, आवाज तुटतोय तुझा,
आणि ठेवून दिला.

मोजमाप माझ्याकडे, कारण वाकायची मला बंदी आहे,
उभ्याने जमेल तेवढंच काम माझं.
मागच्या पत्र्याखालच्या सरपणापासून मोरीतल्या बंबापर्यंत
एकवीस पावलं, एक वळण, गटाराची एक जाळी,
आणि आमच्या नि सिस्टर फिलोमिनाच्या भिंतीमधला बोळ:
सव्वीस इंच. नळाच्या पाइपापाशी चोवीस.
फॅक्टरीत जन्मभर सूत-सूत मोजलं,
घरचा बोळ मोजायला रिटायर व्हावं लागलं.

बुधवारी जुना बाजार.
खिशात दोन गाठी मारलेली सुतळी.
इकबाल मणेर म्हणाला, काका, गाडी बघायची का गळफास?
एक होती बांधकामावरची, एकचाकी,
सिमेंट सुकून तिचं वजन लाकडांपेक्षा जास्त.
एक सिलिंडर न्यायची, तिला बूड नाही.
एक विमानतळावरची, अर्धं नाव खरवडलेलं;
कुठून आली हे आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.
एक दवाखान्यातली, लांबलचक, सायरंगी,
रुंदी बरोब्बर बावीस. मी सुतळी गुंडाळायला लागलो.
ती म्हणाली, ही नको.
आपली लाकडं अजून न्हाणीत जातायत,
तेवढंच राहू दे.

मग तिने माझी सुतळी बाजूला सारली
आणि एकेक गाडी डांबरावरून ढकलून ऐकू लागली.
मान तिरकी करून, कलिंगड ऐकावं तशी.
सिस्टर रात्रपाळी करून साडेचारला झोपते,
बंब पाचला पेटतो,
मध्ये विटेची एकच भिंत.
दोन रबरी चाकांची एक गाडी होती, लोखंडी, बुटकी,
निळ्या रंगाचे पोपडे आलेली.
गेली नि आली, काही बोललीच नाही.
हीच, ती म्हणाली.
आठशेचे साडेपाचशे झाले.

बसवाल्याने घेतली नाही, म्हणून चालत निघालो.
संगम पुलावर तिने पर्स गाडीत टाकली,
पुढे कोथिंबिरीची जुडी,
वाकडेवाडीला एक चप्पल, दुखऱ्या पायाची.
मी म्हटलं, आता तूच बस.
हसली. बसली नाही.
पण दांड्याला हात लावून चालली खडकीपर्यंत.

आता गंमत अशी
की पत्र्याची कडी, बांगड्या,
ओंडके टेकवल्याचे तीन ठोके
आणि शेवटी कंबरेवर हात ठेवून हलकंसं "आई गं",
यावर माझी सकाळ चालायची. मला माहीतच नव्हतं.
तिसऱ्या दिवशी दचकून उठलो.
घरात काहीच नव्हतं, आवाज नावाचं काही.
तसाच अनवाणी मोरीत गेलो.
बंबासमोर बसून ढलप्या सारत होती.
काय झालं? तिने विचारलं.
पाणी तापलं का बघायला आलो, म्हटलं.
पाचला? ती म्हणाली.

एकतीस वर्षं मी यंत्रांना तेल दिलं.
कुठलं बेअरिंग कधी ओरडेल, हे मला आधी कळायचं.
त्या दुपारी ती भाजीला गेल्यावर
फडक्याने डाव्या चाकाचा आस कोरडा केला,
दोनदा पुसला, जरासा.
शुक्रवारपासून गाडी वळणावर बोलते.
फक्त वळणावर. चिमणीएवढं.
सिस्टरला विचारलं, झोपमोड होते का हो?
ती म्हणाली, कशाने?

ही म्हणते, तेल घाला की तिला.
मी म्हणतो, डबा संपलाय.
डबा कपाटामागे आहे,
गळ्यापर्यंत भरलेला.